वाचकांचे प्रश्न : दिवंगत वसतिगृहमित्रांचे स्मरण

प्रश्न : बेळगावच्या महाविद्यालयात १९६६ ते १९७० या काळात एकाच वसतिगृहात राहिलेल्या आम्हा मित्रांचे मंडळ आहे आणि दरवर्षी आमचा स्नेहमेळावा भरतो. अमेरिकेतल्या विद्यार्थी-बंधुसंघांत निधन पावलेल्या सदस्याचे नाव यादीतून न काढता ‘ओमेगा चॅप्टर’ नावाच्या शाखेत नोंदवतात, असे माझ्या पुतण्याने सांगितले. मंडळातल्या काहींना ही रीत आवडली, तर काहींच्या मते सर्वपित्री अमावास्येलाच सर्वांचे स्मरण करणे योग्य. आपले मत काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्या पुतण्याची माहिती बरोबर आहे. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात स्थापन झालेल्या ‘अल्फा फाय अल्फा’ या संघाच्या शाखांना ग्रीक अक्षरांची नावे असतात आणि त्यांतले ‘ओमेगा’ हे शेवटचे अक्षर दिवंगतांसाठी राखून ठेवलेले आहे. तिथे विद्यापीठागणिक शाखा असल्यामुळे ही योजना शोभते. एकाच वसतिगृहाच्या मंडळाने ग्रीक अक्षर उसने आणण्याचे कारण मला दिसत नाही. नाव न खोडण्याची रीत मात्र अवश्य घ्यावी.

ज्यांच्या निधनाची तिथी ठाऊक नाही त्यांचेही श्राद्ध भाद्रपद अमावास्येला करता येते, म्हणून दुसरी सूचना सोयीची वाटते. परंतु आपल्या भागातल्या वसतिगृहांत लिंगायत, जैन, मुसलमान, ख्रिस्ती मुलेही राहत असत आणि श्राद्ध हा ज्याच्या त्याच्या घरचा विषय आहे. मेळाव्याच्या आरंभी सर्वांनी उभे राहून नावे वाचावीत, भाषणे नकोत.

खरे काम यादीचे आहे. सीमाभागात एकाच नावाचे पाटील आणि देसाई इतके सापडतात की हयात माणसाला दिवंगतांत घालण्याचा प्रमाद सहज घडतो, आणि तो गृहस्थ मेळाव्याला हजर असला म्हणजे सारेच अवघडतात. म्हणून वडिलांचे नाव, मूळ गाव आणि प्रवेशाचे वर्ष नोंदवावे, आणि निधनाची खात्री घरच्यांकडूनच करून घ्यावी. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला निरोप पुरेसा मानू नये. मूळ गाव आठवत नसेल तर महाविद्यालयाच्या जुन्या प्रवेश-नोंदवहीची चौकशी करावी. पदवीच्या वर्षासाठी मात्र धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे जावे लागेल, कारण बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मधले आहे. नावे देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत लिहावीत, म्हणजे कन्नड मित्रांच्या घरच्यांना आणि कन्नड माध्यमात शिकलेल्या आपल्याच नातवंडांनाही ती वाचता येतील.

प्रत्येक नावाखाली चार-पाच ओळी असाव्यात आणि त्या शक्यतो खोलीतल्या सोबत्याने लिहाव्यात : टोपणनाव काय होते, मेसमध्ये कशावरून वाद घालत असे, पुढे कोणता व्यवसाय केला. ज्यांना हे सांगता येईल ते सारे आज पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, तेव्हा हे काम पुढच्या मेळाव्यावर ढकलू नये. आमदार झालेल्याला अर्धे पान आणि तलाठी म्हणून निवृत्त झालेल्याला एक ओळ, असा भेद मला अजिबात मान्य नाही. मेसचे बिल दोघांना सारखेच येत असे.

निधी जमला तर त्यासाठी नवी संस्था काढू नये. कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात आणि हिशेबाचे काम दरवर्षी मागे लागते, जे या वयात कोणी निभावेल असे वाटत नाही. महाविद्यालयाची संमती असल्यास त्यांच्याकडेच ठेव द्यावी. एक लाखावर सहा टक्के व्याज धरले तरी वर्षाला ६,००० रुपयांचे एक पारितोषिक निघते. ते एकट्यादुकट्याच्या नावे न देता ‘वसतिगृहातील दिवंगत मित्रांच्या स्मरणार्थ’ असे द्यावे, म्हणजे पुढे यादी वाढली तरी नाव बदलावे लागणार नाही.