वाचकांचे प्रश्न : मंडळीतल्या मुलांचा पंक बँड

प्रश्न : आमचा मुलगा सतरा वर्षांचा असून बारावीत शिकतो. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघातील तीन मित्रांना घेऊन त्याने बँड काढला आहे. हे लोक ज्याला मेलोडिक पंक म्हणतात ते संगीत आम्हाला फार वेगवान आणि कर्कश वाटते, परंतु गीतांतील शब्द प्रभूविषयीचेच असतात. नाताळच्या कार्यक्रमात पाळकसाहेबांनी त्यांना दोन गीते सादर करू दिली, तेव्हा मंडळीचे दोघे वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ पदाधिकारी, उठून बाहेर गेले. मुलांना यातच पुढे जायचे आहे. असा एखादा बँड कोठे टिकला आहे काय? आणि त्यांनी स्वतःला ‘ख्रिस्ती बँड’ म्हणवून घ्यावे काय?
(एक पालक, सोलापूर)

उत्तर : टिकलेले बँड थोडे आहेत, पण आहेत, आणि त्यांची वाटचाल पाहिली की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे हाती लागते.

अमेरिकेतील ‘एम एक्स पी एक्स’ या बँडचे उदाहरण घ्या. वॉशिंग्टन राज्यात ब्रेमरटन नावाचे, नौदलाच्या गोदीवर जगणारे एक गाव आहे. सिएटल हे मोठे शहर तेथून खाडीपलीकडे, बोटीने साधारण तासाभराच्या अंतरावर. गिरण्यांवर वाढलेल्या आणि पुण्याकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या सोलापूरकरांना अशा गावाची कल्पना सहज येईल. तेथील शाळकरी मुलांनी १९९२ मध्ये हा बँड सुरू केला. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘टूथ अँड नेल’ या ख्रिस्ती वर्तुळातील ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांना हाताशी धरले आणि १९९४ मध्ये, मुले अजून विशीतही नसताना, त्यांचा पहिला अल्बम निघाला. पुढच्याच वर्षी मूळचा गिटारवादक बाहेर पडला व त्याच्या जागी दुसरा आला. शाळेतल्या मैत्रीवर उभ्या राहिलेल्या बँडमध्ये अशी गळती बहुधा पहिल्या तीन-चार वर्षांतच होते, तेव्हा तुमच्या मुलाच्या बँडमधून कोणी बाहेर पडले तर त्याला विश्वासघात समजू नये. १९९८ चा अल्बम ‘ए अँड एम’ या मोठ्या कंपनीबरोबर निघाला आणि त्याला ‘गोल्ड’, म्हणजे अमेरिकेत पाच लाख प्रतींचे, प्रमाणपत्र मिळाले. नंतर मोठ्या कंपन्यांचा काळ ओसरला, तेव्हा या मंडळींनी स्वतःच्या छोट्या कंपनीतर्फे अल्बम काढले आणि २०१८ चा अल्बम तर चाहत्यांकडून आगाऊ पैसे गोळा करून केला.

या सगळ्यात ‘ख्रिस्ती’ या शब्दाचे काम काय होते? सुरुवातीला तो शब्द उपयोगी पडला. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांमधून ध्वनिफिती विकल्या जात आणि पंकच्या नावाने कपाळाला आठ्या घालणारे पालकही तेथून आणलेली फीत मुलांना बिनधास्त ऐकू देत. इलिनॉयमधला ‘कॉर्नरस्टोन’ महोत्सव १९८४ पासून २०१२ पर्यंत चालला. तेथे या बँडना स्वतःचा श्रोता सापडे. परंतु हाच शब्द दुसऱ्या दारावर आडवा येई. ज्या पंक संगीतातून या मुलांनी गाणे उचलले, त्यातला एक आद्य बँड ‘बॅड रिलिजन’; त्याचे बोधचिन्ह म्हणजे क्रूसावर मारलेली काट! अशा जगात ‘आम्ही ख्रिस्ती बँड’ असे आधीच जाहीर करणाऱ्याचे गाणे सुरू होण्यापूर्वीच लोक आपले मत बनवून मोकळे होतात, आणि चर्चमध्ये मात्र तोच बँड पुरेसा ख्रिस्ती आहे की नाही याची मोजमापे सुरू होतात.

आणखी एक अडचण आहे. कॅनडातील ‘हॉक नेल्सन’ हा बँड असाच मेलोडिक पंकपासून निघाला आणि हळूहळू ख्रिस्ती पॉपकडे वळला. २०२० मध्ये त्याच्या तेव्हाच्या मुख्य गायकाने आपला देवावर विश्वास उरलेला नाही, असे जाहीर केले. माणसाचा विश्वास वीस वर्षांत वाढतो, खचतो, कधी परत येतो. पण तो बँडच्या फलकावर लिहून ठेवला की शंका हीदेखील व्यवसायाची बाब होऊन बसते, आणि हा भार सतरा वर्षांच्या मुलांवर घालू नये असे मला वाटते. म्हणून माझा सल्ला असा की श्रद्धा गीतांत असू द्यावी, फलकावर केवळ बँडचे नाव असावे. कोणी विचारलेच, तर लपवण्याचे मात्र काहीही कारण नाही.

आपल्याकडे ख्रिस्ती संगीताची तशी दुकाने आणि तसे महोत्सव फारसे नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. येथे बँडला पुणे-मुंबईच्या सर्वसाधारण रॉक श्रोत्यापुढेच उभे राहावे लागेल. त्यामुळे पदवीचे शिक्षण चालू ठेवून, सुटीच्या दिवसांत पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्यात वाजवून येणे, असा क्रम तीन-चार वर्षे तरी ठेवणे शहाणपणाचे ठरेल. उठून गेलेल्या वडिलांविषयी एवढेच सांगतो, की रेव्हरंड टिळकांनी पाश्चात्त्य चालींचा पगडा असलेल्या उपासनेत भजन-कीर्तन आणले, तेव्हा तेही नवेच होते. तरीही त्या दोघांना गॅलरीत मागची जागा देऊन आवाज थोडा कमी ठेवला, तर बिघडणार नाही.

प्रश्न : मी बेस गिटार वाजवते. आम्ही गीते इंग्रजीत लिहितो, कारण मराठी शब्द पंकच्या वेगात बसत नाहीत. हे बरोबर आहे काय?
(एक युवती, सोलापूर)

उत्तर : बसत नाहीत, असे नाही, तुम्ही बहुधा इंग्रजी गीताच्या साच्यात मराठी शब्द कोंबत आहात. मेलोडिक पंकमध्ये चार मात्रांच्या एका आवर्तनात गिटारचे आठ समान आघात पडतात. आपल्या लहान अभंगाचा चरणही आठ अक्षरांचाच असतो. एका आघाताला एक अक्षर ठेवून म्हणून पाहा. दीर्घ अक्षरे आखूड होऊ लागली, तर कडव्यात वेग ठेवून धृपदात तो निम्मा करा, म्हणजे स्वरांना लांबायला जागा मिळेल. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातली गीते चार आवाजांत गाऊन तुमचे कान तयार झाले असतील, तर धृपदाला दुसरा-तिसरा आवाज जोडणे तुम्हाला इतर बँडपेक्षा सोपे जाईल, कारण या संगीतातले ‘मेलोडिक’ ते मुख्यतः हेच.

प्रश्न : एका ध्वनिमुद्रण संस्थेने आमच्या बँडपुढे करार ठेवला आहे. चौघांपैकी दोघे अठराच्या आतील आहेत. सही करावी काय?
(एक ड्रमवादक, सोलापूर)

उत्तर : आत्ता नको. आपल्या कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक असतो, म्हणजे त्या दोघांच्या सह्यांना अर्थ नाही आणि जबाबदारीचा सारा भार उरलेल्या दोघांवर येऊ शकतो. दोघेही सज्ञान होईपर्यंत थांबा. तोवर प्रत्येक गीताचे शब्द कोणाचे व चाल कोणाची, हे तारखेसह एका वहीत लिहून चौघांनी खाली सह्या कराव्यात. बँड मोडतो तेव्हा भांडण बहुतेक वेळा याच मुद्द्यावर होते.

पुढे करार वाचताना हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले जात आहेत, हे आधी शोधा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो केवळ भारत धरला जातो. त्यामुळे ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द मसुद्यात मुद्दाम घातलेले आढळतील. गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला लिहून घेता येत नाही. तसे कलम त्या मसुद्यात असेल, तर सही करण्यापूर्वी तो कागद वकिलाला दाखवा.