जांभळ्या झाकणाची नळी

प्रश्न : मी चौदा वर्षं लष्करी रुग्णालयाच्या लॅबमध्ये आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. बाहेर सगळं यंत्रांवर आणि बारकोडवर चालतं म्हणतात. तिथे माझ्या अनुभवाला कोण विचारणार? तुम्ही स्वतः या वाटेने गेलात, म्हणून तुम्हाला विचारतोय.

उत्तर : खरं सांगू? सुरुवातीला कुणीच विचारत नाही. माझी सेक्शन-प्रमुख माझ्या निम्म्या वयाची होती. तिने मला आलेले नमुने लावायला बसवलं. तंबूत, जनरेटरवर सेंट्रिफ्यूज फिरवून क्रॉसमॅच केलेला, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघितलेला मी, आता नळ्यांच्या झाकणांचे रंग बघत होतो! तेव्हा फार लागलं होतं मनाला.

दुसऱ्याच आठवड्यात एक रिपोर्ट आला. पोटॅशियम 8.2, म्हणजे जिवावर बेतण्याइतकं, आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. यंत्र ठीक, कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) ठीक. वॉर्डात फोन केला, तर पेशंट उशीला टेकून वर्तमानपत्र वाचतोय! मग उलगडा झाला. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएचं पोटॅशियम-क्षार असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. दुसऱ्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळीतलं त्यात ओतलं होतं. नवा नमुना मागवला, पोटॅशियम 4.3.

छावणीत रक्त मीच काढायचो, नळी मीच भरायचो, नाव मीच लिहायचो. चूक झाली तर बोट दाखवायला दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे आकडा विचित्र दिसला की मी आधी नळीवर संशय घेतो, मग यंत्रावर, पेशंटवर सगळ्यात शेवटी. ही सवय बरोबर न्या.

कागदांचं मात्र आत्ताच बघा. हिमॅटॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, रक्तपेढी, प्रत्येकीत किती वर्षं आणि कोणत्या तपासण्या केल्या, ते लिहून अधिकाऱ्याची सही घ्या. बाहेर माणसं सेक्शन बघून घेतात आणि तुमची रजिस्टरं युनिटातच राहणार आहेत. लष्करातलं प्रशिक्षण बाहेर कोणत्या पात्रतेइतकं धरतात, तेही अंगावर वर्दी असतानाच विचारून ठेवा. मी नंतर विचारलं आणि दीड वर्ष परीक्षा देण्यात गेलं.

मायक्रोस्कोप सोडू नका. जाड स्मिअरची, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या जाड थराची, शंभर फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारे भाग) चाळल्याशिवाय ‘मलेरिया नाही’ म्हणायचं नाही, एवढा धीर नव्या पोरांमध्ये कमी दिसतो. (मलेरियाचा परजीवी 1880 मध्ये पहिल्यांदा पाहणारा लाव्हराँ लष्करी डॉक्टर होता, ही शेखी मी अधूनमधून मिरवतो.)

सोडायची सवय एकच : रात्री एकट्याने निर्णय घ्यायची. आमच्याकडे रक्तगटाच्या नोंदीवर दोघांची सही लागते. ‘‘एवढं कशाला, मॅडम?’’ असं मी एकदा म्हणालो. तिने काही न बोलता रजिस्टर पुढे सरकवलं आणि पेन हातात दिलं.