लागवडीच्या दिवसापासून मागे मोजा

प्रश्न : आमच्या घराभोवती सुमारे दोनशे चौरस मीटर मोकळी जागा आहे. तेथे पायवाट, बसण्यासाठी ओटा, थोडी हिरवळ, चार-पाच मोठी होणारी झाडे आणि भाजीचे वाफे करावयाचे आहेत. गवंडी मोकळा आहे, रोपेही पाहून ठेवली आहेत. दोन महिन्यांत सगळे उरकावे, असा घरच्यांचा आग्रह आहे. सुरुवात कशाने करावी आणि वेळापत्रक कसे आखावे?

उत्तर : रोपे पाहून ठेवली आहेत तेवढे ठीक, पण ती इतक्यात विकत आणू नका. काम लांबले की रोपे पिशवीतच अडकून पडतात, त्यांची मुळे आतल्या आत गोल फिरू लागतात आणि अशी रोपे जमिनीत लावल्यावरही नीट धरत नाहीत.

वेळापत्रक आजच्या तारखेपासून पुढे आखण्याऐवजी लागवडीच्या दिवसापासून मागे मोजत आखावे. ठरावीक महिन्यांत पाऊस पडणाऱ्या प्रदेशात लागवड पावसाच्या सुरुवातीला सोयीची ठरते. जेथे हिवाळ्यात जमीन गोठते तेथे ती गोठण्यापूर्वी पुरेसे आठवडे आधी किंवा वसंताच्या आरंभी करतात. तो आठवडा एकदा ठरला की त्याआधी माती तयार करण्यासाठी एक आठवडा, त्याआधी ओटा व पायवाटेसाठी तीन, त्यांच्या काँक्रीटवर पाणी मारण्यासाठी किमान 7 दिवस, त्याआधी चर खणून पाइप टाकण्यासाठी एक आणि सर्वांत आधी जमिनीला उतार देण्यासाठी एक, असा हिशेब मागे जातो. कागदावर हे सात आठवडे होतात. पाऊस, न आलेले साहित्य आणि दुसऱ्या कामावर गेलेला गवंडी यांसाठी त्यात आणखी चतुर्थांश वेळ धरलात, तर तुमचे दोन महिने प्रत्यक्ष कामातच संपतात. आराखडा ठरवण्याचा काळ यात धरलेलाच नाही. म्हणून घरच्यांना दोन महिन्यांचा शब्द देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आराखड्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः पाहून घ्या. पहिली गोष्ट ऊन. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घराची सावली कोठवर येते ते जमिनीवर खुणा करून नोंदवा आणि ऋतू बदलला की ती सरकते, हे ध्यानात ठेवा. भाजीच्या वाफ्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. दुसरी गोष्ट निचरा. सुमारे 30 सेंटिमीटर खोल व तेवढाच रुंद खड्डा खणून तो पाण्याने भरा, पाणी जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते मोजा. ती 2 ते 5 सेंटिमीटर उतरत असेल तर बहुतेक झाडांना ते मानवते. एक सेंटिमीटरही उतरत नसेल, तर त्या कोपऱ्यात झाड लावण्याआधी पाण्याला वाट काढून द्यावी लागेल. यानंतर पायवाटेची रेषा कागदावर काढण्यापेक्षा पाण्याची लांब नळी जमिनीवर पसरून ठरवा आणि तिच्या कडेने आठवडाभर चालून पाहा. ज्या वळणावर घरची माणसे नळी ओलांडून सरळ जातात, ते वळण पुढेही कोणी पाळणार नाही.

उताराच्या कामात घाई नको. पाणी भिंतीपासून दूर जावे यासाठी घरालगत फरसबंदी असेल तेथे दर मीटरला साधारण 2 सेंटिमीटर उतार धरावा आणि तो नजरेच्या अंदाजाने न देता पाणसळ लावून तपासावा. उघड्या मातीला याहून अधिक उतार लागतो. खोदण्यापूर्वी वरची 15 ते 20 सेंटिमीटर माती काढून बाजूला रास करून ठेवा, कारण तीच सर्वांत सुपीक असते आणि शेवटी ती वर पसरावयाची असते. जमीन ओली असताना अवजड यंत्र आत आणू नका. चिकण माती त्याखाली अशी दाबली जाते की पुढे तिच्यात ना पाणी शिरते, ना मुळे. भराव खोल असेल तर तो थराथराने ठोकून घ्यावा आणि शक्य असल्यास एक पावसाळा बसू द्यावा, नाहीतर त्यावरील फरशा खचतात.

प्रश्न : पैसे एकदम उभे राहणार नसतील, तर कोणते काम पुढे ढकलावे?

उत्तर : हिरवळ आणि शोभेची झुडपे पुढे ढकला. हिरवळ तसेही सर्वांत शेवटचे काम आहे, कारण तिच्यावरून मातीची ढकलगाडी फिरली की ती गेलीच. जमिनीखालचे काम मात्र ढकलू नका. पायवाट बांधताना तिच्याखाली आडवे रिकामे पाइप टाकून त्यांची तोंडे बंद करून ठेवा. पुढे ठिबकची नळी किंवा दिव्याची तार न्यायची झाल्यास फरशी फोडावी लागत नाही. पुरण्यापूर्वी सगळ्या चरांची मोजमापासह छायाचित्रे घ्या. मोठी होणारी झाडे बांधकामाच्या वाटेत नसतील तर ती पहिल्याच वर्षी लावावीत. ओटा पुढच्या वर्षी बांधला तरी चालतो, पण झाडाचे गेलेले वर्ष भरून निघत नाही. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा, मात्र गोळ्याच्या उंचीहून खोल नसावा.

प्रश्न : आवारात एक जुने झाड आहे. त्याच्याभोवती अर्धा मीटर भराव टाकून जमीन सपाट केली तर चालेल का?

उत्तर : नाही. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या मीटरच्या आसपास पसरलेली असतात. त्यांच्यावर भराव पडला की त्यांना हवा मिळत नाही आणि झाड दोन-तीन वर्षांत हळूहळू वाळते, त्यामुळे दोष कशाचा हेही कोणाच्या लक्षात येत नाही. फांद्यांचा घेर जेथवर आहे तेथवर काम सुरू होण्याआधीच तात्पुरते कुंपण घाला, त्याच्या आत विटा किंवा खडी रचू देऊ नका आणि जमिनीच्या पातळीतला फरक कुंपणाबाहेर एखाद्या बुटक्या भिंतीने सोडवा.