अनुभवी अधिकाऱ्यांना प्राध्यापक काय शिकवणार?

वीस वर्षे कारखाना चालवलेल्या माणसाला, स्वतः कधीही कारखान्यात काम न केलेला प्राध्यापक काय शिकवणार, असे आपण विचारले आहे. खरेदी विभागात सतरा वर्षे काढून मी अशाच एका व्यवस्थापन अभ्यासक्रमाला गेलो तेव्हा माझ्याही मनात हीच शंका होती.

येथे प्राध्यापकाकडून व्याख्यानाची अपेक्षा ठेवणेच मुळात चुकीचे आहे. अनुभवी व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणाऱ्या इंग्लंडमधील हेन्लीच्या स्टाफ कॉलेजने लहान गटांतील चर्चेवर भर दिला आणि १९५६ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने तोच नमुना समोर ठेवला. अहमदाबादच्या आयआयएमने हार्वर्डच्या सहकार्याने केस पद्धत, म्हणजे एखाद्या कंपनीसमोरचा प्रत्यक्ष प्रसंग वर्गात चर्चेला घेण्याची पद्धत, रुजवली. दोन्ही पद्धतींत बोलायचे असते ते मुख्यतः वर्गानेच. प्राध्यापकाचे काम असते नेमका प्रश्न नेमक्या माणसाला विचारण्याचे, आणि ते दिसते त्यापेक्षा फार अवघड आहे.

आमच्या वर्गात एका विक्री प्रमुखांनी वर्षाला १२० कोटींची विक्री होते असे अभिमानाने सांगितले. सरांनी उधारी किती दिवसांची, एवढेच विचारले. नव्वद, असे उत्तर आले. सरांनी १२० ला ३६५ ने भागून ९० ने गुणले, ग्राहकांकडे अडकलेली रक्कम म्हणून फळ्यावर ‘सुमारे ३० कोटी’ असे लिहिले, ‘हे पैसे कोणाचे?’ असे विचारले आणि खडू खाली ठेवून ते गप्प उभे राहिले. बऱ्याच वेळाने मागून कोणीतरी म्हणाले, ‘बँकेचे, आणि व्याजाने.’ उधारी साठ दिवसांवर आणली तर जवळपास १० कोटी मोकळे होतील, हा हिशेब मग त्या विक्री प्रमुखांनी स्वतःच मांडला.

हे गणित वर्गातील प्रत्येकाला येत होते, पण ते आपल्या कामाला लावून पाहण्याची वेळ कोणावर आली नव्हती. त्यानंतर सर माझ्याकडे वळले. पुरवठादारांची बिले जितकी लांबवता येतील तितकी लांबवणे हेच मी कौशल्य मानत आलो होतो. त्या लहान कारखानदारांना कर्ज कोणत्या दराने मिळते आणि ते व्याज आमच्याच पुढच्या दरपत्रकात येत नाही काय, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

सरांनी आमची माहितीपत्रके आधीच बारकाईने वाचली होती, म्हणूनच कोणाला काय विचारायचे हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा अभ्यासक्रम निवडताना संस्थेच्या नावाइतकीच चौकशी याची करा की शिकवणारी व्यक्ती आपल्याविषयी आधी काही विचारते का, आणि कामावर परतल्यावर आपण केलेला प्रकल्प ती स्वतः वाचते का.