चट्टा कानाच्या पाळीवर, पथ्य मात्र ताटात

मुलाच्या अंगावर खाजरा, पाणी सुटलेला चट्टा उठला की पालक बहुधा दोन शंका घेऊन येतात: हे दुसऱ्याला लागेल का, आणि मुलाच्या रक्तातच काही दोष आहे का? त्वचारोगतज्ज्ञांबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना हे प्रश्न मी सतत ऐकते, म्हणून एका मुलीच्या अनुभवातून त्यांचे उत्तर येथे देत आहे. तिची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

चौथीतली ही मुलगी आली तेव्हा तिच्या दोन्ही कानांच्या पाळ्या सुजून त्यांवर पिवळसर खपल्या धरल्या होत्या आणि बेंबीच्या खाली रुपयाएवढा जाडसर, काळपट चट्टा होता. ‘अंगात उष्णता आहे’ असे घरात ठरल्यामुळे अंडी, वांगी, शेंगदाणे, दही आणि आंबट असे सगळे तिच्या ताटातून गेले होते. आजीने चट्ट्यावर लसूण ठेचून लावल्याने त्वचा आणखी भाजली होती, आणि चिठ्ठीशिवाय आणलेल्या मलमाने चार दिवस बरे वाटून त्रास पुन्हा उफाळत होता. वर्गात तिला वेगळ्या बाकावर बसवले जात होते. केस पुढे ओढून, कान झाकून ती गप्प बसून होती.

डॉक्टरांनी हा स्पर्शातून होणारा ॲलर्जीचा त्वचादाह असून निकेल या धातूचा संशय आहे, असे सांगितले. पण आईला ते पटेना. “मॅडम, रविवारी लग्नात बासुंदी खाल्ली आणि मंगळवारी कान फुटले, मग खाण्याचा संबंध कसा नाही?” मी विचारले, “ताई, लग्नात तिने कानात काय घातले होते?” घागऱ्याला शोभणारे खोटे झुमके, दिवसभर. परतताना जीन्स, जिचे धातूचे बटण नेमके त्या चट्ट्यावर टेकत होते.

या आजाराची सर्वांत फसवी बाजू हीच आहे. शरीराने एखादा पदार्थ एकदा शत्रू म्हणून ओळखला की तो पुन्हा त्वचेला लागल्यावर पेशींची प्रतिक्रिया साधारणपणे एक-दोन दिवसांनी दिसते, आणि तोवर कानातले काढून डब्यात गेलेले असते. मधल्या काळात मुलाने जे खाल्ले असेल त्यावर आळ येतो. सोन्याचा मुलामा झिजला की खालचा निकेलयुक्त धातू उघडा पडतो आणि घामात तो अधिक विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात त्रास वाढतो. त्यालाच घरोघरी उष्णता म्हटले जाते.

खात्रीसाठी पॅच टेस्ट झाली. यात संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवतात, तोवर पाठ ओली होऊ देत नाहीत, आणि पट्ट्या काढताना व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात. सुई टोचत नाहीत, हे मुलीला आधी सांगितल्यावर ती निर्धास्त झाली. निकेलच्या जागी लाल, खाजरा उंचवटा आला.

त्यानंतर मी तिच्याशी एकटीशी बोलले. मधल्या सुट्टीत फुगडी खेळणे तिने आपणहून सोडले होते, कारण हात धरल्याने मैत्रिणीलाही हे होईल अशी तिची समजूत झाली होती. नऊ वर्षांच्या मुलीने ही भीती कुणाला न सांगता वागवावी, याचे मला फार वाईट वाटले. हे एकाचे दुसऱ्याला लागत नाही, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगितले आणि डॉक्टरांचे तसे पत्र शाळेला दिले. पुढच्या आठवड्यात तिचा बाक मैत्रिणींच्या रांगेत परत आला.

घरच्यांना करायच्या गोष्टी थोड्याच होत्या. खोटे दागिने बंद, जीन्सला प्लास्टिकचे बटण, डॉक्टरांनी दिलेले मलम सांगितले तेवढेच दिवस, आणि ताटात पुन्हा सगळे, कारण निकेलची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना खाण्याचे पथ्य लागत नाही आणि वाढत्या वयात ते उगाच केल्याने नुकसानच होते. चट्टा बरा झाल्यावर उरलेला काळसर डाग कोड नव्हे. तो काही महिन्यांत फिका होतो.

शेवटी आजींनी विचारले, “पोरीने पुढे दागिने घालायचेच नाहीत का?” निकेलची ॲलर्जी बहुधा आयुष्यभर राहते, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही, पण निकेल टाळले तर त्वचा निरोगी राहते. २२ कॅरेटच्या पिवळ्या सोन्यात सहसा तांबे व चांदी मिसळतात, त्यामुळे ते बहुतेकांना चालते. पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल असू शकते, म्हणून सराफाला विचारूनच घ्यावे. धाकट्या नातीचे कान टोचायचे होते. तिला पहिल्यापासून २२ कॅरेटच्या पिवळ्या सोन्याच्याच तारा घालाव्यात आणि जखम पूर्ण भरेपर्यंत खोटे काहीही घालू नये, असे मी सांगितले, कारण टोचलेल्या ओल्या जागेतूनच ही ॲलर्जी अनेकदा सुरू होते.