‘पुट अप विथ’मधलं ‘विथ’ कशाला?

प्रश्न असा आला आहे : ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे बरोबर, मग ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे कसं? आणि असली तीन शब्दी क्रियापदं घोकण्यावाचून गत्यंतर नाही का?

आधी माझाच एक प्रश्न. ‘हा उद्धटपणा मी खपवून घेणार नाही’ असं आपण सहज म्हणतो. यात खपतं काय आणि घेतं कोण? ‘पुट अप विथ’ला इतका चपखल जोडीदार मराठीत मला दुसरा सापडलेला नाही. दोघेही बऱ्याचदा नकारात भेटतात.

उरला तिसरा शब्द. तो मला आपल्या विभक्तीसारखा वाटतो. ‘वाट पाहणे’ म्हटलं की ‘ची’ आलीच : पावसाची, पगाराची. दूध संपलं की ‘द मिल्क हॅज रन आउट’. कर्ता दूधच, म्हणून ‘ऑफ’ नको. कर्ते आपण झालो की ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’. (क्रिकेटवाल्यांनी थर्ड अंपायरकडे बघू नये.) त्यामुळे नुसती यादी घोकू नका, पुढच्या नामासकट एका दमात म्हणा.

अर्थात तिसरा शब्द दर वेळी इतका गरीब नसतो. ‘गेट अवे’ म्हणजे निसटणे. ‘विथ’ जोडलं की चोराला पळावंही लागत नाही : ‘ही गॉट अवे विथ इट’, त्याला ते पचलं. शब्दकोश ‘शिक्षा न होता सुटणे’ असं लांबण लावतो. ‘पचणे’ चटकन लक्षात राहतं. तसंच ‘लुक अप’ म्हणजे कोशात शोधणे, पण ‘लुक अप टू’ म्हणजे एखाद्याला मानणे.

एक सोय मात्र आहे. ‘पिक इट अप’मध्ये सर्वनाम मध्येच घुसतं, ‘पुट अप विथ इट’मध्ये ते गुमान शेवटी उभं राहतं. बोलताना जोर ‘अप’वर.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो ‘लुक फॉरवर्ड टू’वर, म्हणजे आतुरतेने वाट पाहण्यावर. हा ‘टू’ शब्दयोगी आहे, म्हणून पुढे ‘मीटिंग यू’ हवं, ‘मीट यू’ नव्हे. नोकरीच्या पहिल्या अर्जात मी ठसठशीत ‘टू मीट यू’ लिहिलं होतं. नोकरी मिळाली. आय गॉट अवे विथ इट.