वाचकांचे प्रश्न : काडेपेटीचं गाव यॉनशॉपिंग

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : माझ्या मुलाला स्वीडनमधल्या यॉनशॉपिंग युनिव्हर्सिटीत मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय. स्टॉकहोम ऐकून माहितीये, पण हे गाव कसलंय? पोरगं पहिल्यांदाच एवढ्या लांब चाललंय म्हणून जीव खालीवर होतोय.

उत्तर : ताई, आधी तुमचं आणि त्याचं मनापासून अभिनंदन! काळजी वाटणारच, पण गाव चांगलं आहे. देशाच्या दक्षिण भागात, वेटर्न नावाच्या तलावाच्या अगदी दक्षिण टोकाला ते वसलंय. तलाव म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर फार तर गणेश तलाव येतो, पण वेटर्न जवळजवळ 135 किलोमीटर लांब आहे, स्वीडनमधला दोन नंबरचा, म्हणजे काठावर उभं राहून उत्तरेकडं बघितलं तर पलीकडचा काठ दिसतच नाही, नुसतं पाणी. त्यामुळं वारंही तसंच येतं, जॅकेट घेताना वारा अडवणारं घ्या, नुसतं जाड घेऊन भागत नाही.

गाव जुनं आहे, 1284 मध्ये राजानं त्याला शहराची सनद दिली. 1612 मध्ये डेन्मार्कबरोबर लढाई चालू असताना शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून लोकांनी आपलंच गाव आपल्या हातानं पेटवलं, आणि मग थोडं पूर्वेला, वेटर्न आणि मुंकशॉन या छोट्या तलावाच्या मधल्या पट्टीवर नव्यानं बांधलं. आजचं मध्यवर्ती शहर तिथंच आहे. 1634 पासूनचं योता अपील कोर्टही इथंच. युनोचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांचा जन्म 1905 मध्ये याच गावात झाला.

युनिव्हर्सिटी मुंकशॉनच्या काठाला, गावाच्या मधेच आहे, त्यामुळं चालत किंवा सायकलवर सगळं जमतं. इंजिनिअरिंगला तिथं कास्टिंगवर, म्हणजे आपल्या भाषेत फौंड्रीच्या कामावर, चांगलं संशोधन चालतं. मिरज एमआयडीसीतल्या किंवा किर्लोस्करवाडीच्या घरातलं पोरगं असेल तर त्याला हे अजिबात परकं वाटणार नाही. डिसेंबरात मात्र दिवस जेमतेम साडेसहा-सात तासांचा, दुपारी साडेतीनलाच अंधार पडायला लागतो. पहिल्या हिवाळ्यात पोरं उदास होतात ती यामुळंच, थंडीचा नंबर त्यानंतर. त्या दोन महिन्यांत रोज फोन करा आणि दुपारी उजेड असेपर्यंत बाहेर चक्कर मारून ये असं बजावून सांगा. जूनमध्ये सगळं उलटं होतं, रात्री दहाला उजेड.

प्रश्न (मिरज) : सेफ्टी काडेपेटी याच गावातून जगभर गेली असं वाचलं. खरं का?

उत्तर : खरं आहे, आणि या प्रश्नाला मी जरा जास्त जागा देणारे, कारण हा इतिहास आपल्यापर्यंत येऊन पोचतो.

पूर्वीच्या काड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस असायचा. कशावरही घासलं की पेट घ्यायचा, आणि वाईट म्हणजे कारखान्यात त्याची वाफ रोज नाकातोंडात गेली की कामगारांचा जबडा सडायचा, हाड झडायचं. 1844 मध्ये गुस्ताफ एरिक पाश या स्वीडिश प्रोफेसरानं तांबडा फॉस्फरस वापरायची पद्धत शोधली, आणि तो गुलात न घालता पेटीच्या कडेला लावायचा. घरातली काडेपेटी हातात घेऊन बघा, कडेची ती खरखरीत तपकिरी पट्टी आहे ना, तीच ही गोष्ट. काडी आणि फॉस्फरस वेगळे राहिले म्हणून पेटी खिशात ठेवता येते.

यॉनशॉपिंगच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी 1845 मध्ये कारखाना काढला आणि पुढं हा शोध धंद्यात आणला, 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या काडीला पदकही मिळालं. पण शोध लावणाऱ्यांचं नाव घेताना पेट्या चिकटवणाऱ्या हातांचंही घ्यायला पाहिजे असं मला वाटतं. पेट्या घरोघरी दिल्या जायच्या, बायका आणि लहान पोरं स्वयंपाकघरात बसून कागद दुमडायची, खळ लावायची, आणि नगावर पैसे मिळायचे. गरीब घरं त्यावर चालली. नंतर लागेरमान या इंजिनिअरनं अशी मशिनं बनवली की लाकडाच्या काडीपासून भरलेल्या पेटीपर्यंत सगळं एकाच ठिकाणी व्हायला लागलं.

1917 मध्ये ईवार क्रूगर यानं स्वीडनमधले काड्यांचे कारखाने एका कंपनीखाली आणले, आणि त्याच कंपनीनं 1923 मध्ये आपल्याकडं विमको सुरू केली. अंबरनाथचा काडेपेटीचा कारखाना तो हाच! 'शिप' छापाची पेटी ज्यांच्या घरी असायची त्यांच्या चुलीपर्यंत यॉनशॉपिंगचा धागा पोचला होता. यॉनशॉपिंगमधलं उत्पादन 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं, जुन्या कारखान्याच्या इमारतीत आता काडेपेटी म्युझियम आहे. ताईंच्या मुलानं पहिल्याच महिन्यात बघून यावं.

प्रश्न (वाळवा) : एवढ्या मोठ्या तलावाकाठी राहतात, मग त्यांना आपल्यासारखी पुराची भीती नाही का?

उत्तर : आपल्यासारखी नाही. आपण पावसाळ्यात आयर्विन पुलाची फुटं मोजत बसतो, कोयनेतून किती सोडलं ते विचारतो, 2019 आणि 2021 आपण विसरूच शकत नाही. तिथं पाणी एका रात्रीत चढत नाही, पण हळूहळू चढतंय. हिमयुगात बर्फाच्या ओझ्यानं दबलेली जमीन अजून वर येतीय, आणि उत्तरेकडची बाजू, जिथं मोटाला गावाजवळ तलावाचं पाणी बाहेर पडतं, ती जास्त वेगानं उचलली जातीय. म्हणजे तलाव दक्षिणेकडं कलतोय आणि यॉनशॉपिंगच्या काठाला पाणी वर येतंय. काठाला बांधकाम करताना त्यांना हा हिशेब धरावा लागतो.

खरी काळजी वेगळी आहे. वेटर्नचं पाणी काठच्या बऱ्याच गावांना प्यायला जातं, आणि तलावातलं सगळं पाणी बदलायला साधारण 60 वर्षं लागतात. कृष्णेत घाण सोडली की ती पुढच्या गावाच्या माथी जाते (तेही चूकच), तिथं ती तुमच्याच नातवंडांच्या पेल्यात राहते. म्हणून ग्रेनाजवळच्या नोरा शेर इथं दुर्मिळ मूलद्रव्यांची खाण काढायचं ठरलं तेव्हा लोक जोरात विरोधात उभे राहिले, आणि 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टानं आधीची परवानगी रद्द केली. वाद अजून मिटलेला नाही, कारण इलेक्ट्रिक गाड्यांना हाच माल लागतो. मला विचाराल तर पाणी आधी.

प्रश्न (सांगलीवाडी) : हुस्कवार्ना बाइक तिथलीच ना?

उत्तर : नाव तिथलंच. हुस्कवार्ना हे यॉनशॉपिंगला लागूनच आहे, 1689 मध्ये तिथं बंदुकांचा कारखाना आला, मग शिलाई मशिनं, मग मोटरसायकली. पण भावा, आपल्या रस्त्यावर दिसणाऱ्या हुस्कवार्नाच्या स्वार्टपिलेन आणि विटपिलेन या बाइक बजाजच्या चाकणच्या प्लांटमधनं बाहेर पडतात. सर्व्हिसिंगची चिंता करू नकोस.